एक मीटर सत्तर

दोन हिवाळ्यांचा ओव्हरटाइम या पेटीत आहे.
उणे तीसमध्ये, रात्री दोनला, रुळांचे गोठलेले सांधे
मशालीनं सोडवले, मालगाड्या पुढे धाडल्या,
तेव्हा कुठे ही घरी आली.
ग्रीसमध्ये लडबडलेली, मेणकागदात गुंडाळलेली,
नुकत्या जन्मलेल्या वासरासारखी ओशट.
मार्लिस म्हणाली, "हिला आंघोळ कुठे घालणार?
माझ्या टबात नाही हं."
टबातच घातली.

नळीवर आयात करणाऱ्याचा शिक्का, मुंगीएवढा.
त्याच्या शेजारी त्यांची लिपी, मला न वाचता येणारी.
आकडे वाचता येतात: झाकण, नळी, दुर्बीण,
तिन्हींवर एकच नंबर.
ग्रेट फॉल्सच्या प्रदर्शनात पांढरे हातमोजे घातलेले एक गृहस्थ
मला बाजूला घेऊन म्हणाले, "झाडू नका हिला.
दर गोळीमागे किंमत उतरते."
असेल. मी वर्षातून चारदा झाडतो.
घोडा तबेल्यात बांधून ठेवला
म्हणून काय त्याचं वय थांबतं?

आमची चांदमारी म्हणजे गव्हाची धसकटं,
मागे मातीचा उंचवटा,
त्याच्यापुढे साखळीला टांगलेली पोलादी थाळी.
आणि वारा. मोंटानात वाऱ्याला कुणी पाहुणा म्हणत नाही.

आता दुर्बिणीचं सांगतो.
काचेत डावीकडे, खाली, एक आडवी रेघ,
तिच्यावर घसरगुंडीसारखा उतरत गेलेला बाक,
बाकावर दोन, चार, सहा, आठ, दहा.
माणसाचे पाय रेघेवर ठेवायचे,
डोकं बाकाला जिथे टेकेल
तितके शेकडे मीटर.
रेघेखाली बारीक अक्षरात १,७,
तिकडच्या रीतीनं, मध्ये स्वल्पविराम देऊन.
तेवढ्या उंचीचा माणूस धरलेला आहे.

अकरा वर्षं हा बाक माझ्या डोळ्यासमोर होता,
काचेवरचा ओरखडा असावा तसा.
माझी थाळी दीड फुटाची, ती त्यात बसत नाही,
आणि अंतर मी पावलांनी मोजलेलं.

शनिवारी सिग्ने थाळी रंगवायला गेली.
लाल निशाण वर, मॅगझिन बाहेर, खटका उघडा,
हे नियम तिच्या आईलाही मीच शिकवले.
दुर्बीण मी पुसायला काढली होती. पुसली.
उगाच, हातातच, डोळ्याला लावली.

नातीचे बूट रेघेवर आले.
टोपी चाराला टेकली.
बरोब्बर.

गोळी सुटण्याआधी खांदा जसा आवळतो
तसं काहीतरी पोटात झालं.
बंदूक तर टेबलावर होती, रिकामी, आंधळी,
आणि तरी.

हा बाक आखताना त्या कारखान्याच्या मैदानात
कोण उभा राहिला असेल?
कुणीतरी मध्यम बांध्याचा, नको म्हणता न येणारा.
नकाशा काढणारी बाई ओरडली असेल, जरा ताठ!
त्याला जेवायच्या सुट्टीची घाई असेल.
टोपी काढू की राहू दे, एवढंच त्यानं विचारलं असेल.

"बेस्ता! वाळला रंग!" सिग्ने लांबून हात हलवत होती,
डबा डोक्यावर धरून,
म्हणजे आता चाराच्याही वर.

ती परत आली तेव्हा दुर्बीण माझ्या कोटाच्या खिशात होती.
म्हटलं, "आज साध्या मक्खीनं मार."
"का?"
"काचेत वाफ धरलीय."
तिनं आभाळाकडे पाहिलं. कोरडं ठणठणीत.
काही बोलली नाही. आडवी झाली, दस्ता गालाला लावला.
पहिल्या तीन गोळ्यांना नुसती माती उडाली.
चौथीला
एक,
दोन,
मग कुठे टण्.

ही जुनी काडतुसं नळीत मीठ सोडतात,
त्याच रात्री उकळतं पाणी ओतलं नाही
तर सकाळपर्यंत गंज.
घरी येऊन केटली चढवली.
सिग्ने खांदा चोळत म्हणाली, उरलेल्या पाण्यात कॉफी करू,
आणि सगळ्यात वरच्या फळीवरची बरणी
स्टूल न घेता काढली.